यक्षिणींचे बेट आणि मराठीतील जखीण

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मंडपाच्या उजव्या भिंतीचा फार मोठा भाग एकाच कथेने व्यापला आहे. फुटलेले गलबत, किनाऱ्यावर आलेले व्यापारी, त्यांच्याशी विलास करणाऱ्या सुंदर स्त्रिया, त्याच स्त्रियांची नरमांस भक्षण करणारी खरी रूपे, माणसांना पाठीवर घेऊन आकाशात झेपावलेला पांढरा घोडा आणि शेवटी हत्तींसह नावांतून समुद्र ओलांडणारे सैन्य, असा हा भव्य पट आहे. वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या एका मांडलिकाने हे लेणे खोदविले. एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या प्रतिकृती तयार करणाऱ्या ग्रिफिथ्सप्रभृती अभ्यासकांनी या दृश्याला ‘विजयाचे सिंहलद्वीपातील आगमन’ असे नाव दिले होते. ते चुकीचे ठरले. चित्र विजयाचे नाही, सिंहल नावाच्या व्यापारीपुत्राचे आहे. परंतु ही चूक केवळ अनवधानाची नव्हती. भुताखेतांनी व्यापलेले बेट आणि ते जिंकून घेणारा परका वीर ही दोन्ही कथांची चौकट इतकी सारखी आहे की एकीच्या जागी दुसरी सहज दिसावी. ही चौकट कशी तयार झाली आणि तिच्यात कोणाला बसविण्यात आले, हा प्रश्न त्या चुकीमुळे आपोआप पुढे येतो.

कथेचे सर्वांत साधे रूप पालीतील वलाहस्सजातकात सापडते. ताम्रपर्णी द्वीपात सिरीसवत्थु नावाचे यक्षनगर असून तेथे यक्षिणी राहतात. गलबत फुटून व्यापारी किनाऱ्याला लागले की त्या नटूनथटून, कडेवर मुले घेऊन आणि खाद्यपदार्थ बरोबर घेऊन सामोऱ्या जातात. ‘आमचे पती गलबतातून गेले, त्यास तीन वर्षे झाली, ते मेलेच असावेत, तुम्हीही व्यापारीच आहात, आम्ही तुमच्या पादसेविका होऊ,’ अशा आशयाचे त्यांचे बोलणे असते. नवे पुरुष मिळाले की आधीचे यातनागृहात जातात आणि तेथे खाल्ले जातात. एकदा पाचशे व्यापारी असे सापडले. रात्री बाहेर जाऊन परत आलेल्या आपल्या स्त्रीचे अंग थंड लागते, एवढ्यावरून त्यांच्या नायकाला सत्य कळले. त्याने सोबत्यांना सांगितले. अडीचशे पळून जाण्यास तयार झाले, अडीचशे म्हणाले की आम्हाला यांना सोडवत नाही. पुढे बोधिसत्त्व आकाशगामी अश्वाच्या रूपाने आला, ‘घरी जावयाचे कोणाला?’ असे त्याने मनुष्यवाणीने तीनदा विचारले, आणि तयार असलेल्यांना घेऊन गेला. अश्वाच्या नावातील ‘वलाह’ म्हणजे मेघ. संस्कृत ‘बलाहक’ तोच. मागे राहिलेल्यांचे काय झाले ते जातककार एका वाक्यात सांगून मोकळा होतो. त्यांच्याविषयी त्याला फारशी करुणा वाटलेली दिसत नाही.

या कथेतील एक बारीकसा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. आलेल्यांना येथे मनुष्यवस्ती आहे असे वाटावे म्हणून यक्षिणी त्यांना नांगरणारी माणसे, गुराखी, गाईगुरांचे कळप आणि कुत्री दाखवितात. म्हणजे बेटावर शेती आहे, गुरे आहेत, बायकामुले आहेत, सोबत सांभाळलेले कुत्रेही आहे. आणि तरीही तेथे माणसे नाहीत, असा कथेचा आग्रह आहे. डोळ्यांना दिसते ती वस्ती हा देखावा, आणि कथेला ठाऊक आहे ते सत्य. आता महावंसाच्या सातव्या परिच्छेदाकडे वळावे. विजय आपल्या अनुयायांसह लंकेत उतरतो तेव्हा एक कुत्री समोरून जाते. गाव असल्याखेरीज कुत्रे असावयाचे नाही, असे म्हणून एक अनुयायी राजपुत्राने मनाई केली असताही तिच्यामागे जातो, आणि झाडाखाली सूत कातीत बसलेल्या कुवेणीच्या तावडीत सापडतो. त्याच्यामागून गेलेल्या सर्वांची तीच गती होते. जातकातील कुत्रे आणि महावंसातील कुत्री यांचे काम एकच आहे. मनुष्यवस्तीची खूण येथे आमिष ठरते. दोन ग्रंथांच्या कर्त्यांनी एकमेकांचे पाहून हे लिहिले की दोघांनी एकाच लोककथेतून उचलले, हे ठरविण्याची गरज नाही. सिरीसवत्थु हे नगरनाम दोन्हीकडे आहे, एवढे त्यांचे नाते सिद्ध करण्यास पुरे.

कथेच्या इतर शाखा पाहिल्या म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. जैनांच्या नायाधम्मकहाओ या अंगग्रंथाच्या नवव्या अध्ययनात माकंदीचे दोन पुत्र, जिनपालित आणि जिनरक्षित, गलबत फुटून रत्नद्वीपाला लागतात. तेथील देवता त्यांना आपल्याजवळ ठेवून घेते व दक्षिणेकडील वनात जाऊ नका असे बजावते. ते जातात, तेव्हा सुळावर चढविलेला एक मनुष्य त्यांना दिसतो आणि खरा प्रकार कळतो. त्यांना सोडविणारा घोडा येथेही आहे. मात्र तो बोधिसत्त्व नसून सेलग नावाचा यक्ष आहे. मागे वळून पाहावयाचे नाही ही त्याची अट. जिनरक्षित मोहाने मागे पाहतो आणि प्राणास मुकतो. पालीत खाणारी ती यक्षिणी. अर्धमागधीत तारणारा तो यक्ष. तेव्हा यक्ष या शब्दात मूळचे क्रौर्य नाही. वृक्षाखाली, गावाच्या शिवेवर, धनाच्या ठेव्यावर बसणारी ही जुनी दैवते प्रसन्न झाल्यास देणारी आणि कोपल्यास घेणारी होती. त्यांना भूत करण्याचे काम पुढच्या कथाकारांनी केले.

सिंहलाच्या शाखेत बेटावरील स्त्रिया यक्षिणी राहत नाहीत, त्या राक्षसी होतात. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने सिंहलद्वीपास प्रत्यक्ष भेट दिली नाही, परंतु ही कथा त्याने विस्ताराने नोंदविली आहे. राक्षसींचे लोखंडी नगर, त्याच्या मनोऱ्यावर शुभ आणि अशुभ सुचविणारे दोन ध्वज, घोड्यावरून निसटलेला सिंहल, आणि मुलाला कडेवर घेऊन त्याच्या घरापर्यंत पाठलाग करणारी त्याची राक्षसी पत्नी. पतीने टाकलेली स्त्री म्हणून ती राजाकडे दाद मागते. सिंहल राजाला सावध करतो. राजा तिच्या रूपाला भुलून तिला अंतःपुरात ठेवतो. एका रात्री ती बेटावरील इतर राक्षसींना बोलावून आणते आणि सकाळी राजवाड्यात हाडांखेरीज काही उरत नाही. लोक सिंहलाला राजा करतात. तो सैन्य घेऊन बेटावर जातो, लोखंडी नगर उद्ध्वस्त करतो, तेथे राज्य स्थापन करतो, आणि बेटाला त्याचेच नाव पडते. जातकात व्यापारी घरी परत येतो तेथे कथा संपते. येथे तो परत जातो, आणि या वेळी माल घेऊन जात नाही. भयकथेची स्थापनाकथा होते ती या वळणावर. अजिंठ्याच्या चित्रकाराने नावांतील हत्तींना एवढी जागा का दिली, तेही यावरून कळते.

मग हे बेट नक्की सिंहलद्वीपच होते काय? सामान्य समजूत तशी आहे, आणि लंका म्हटले की राक्षस ही रामायणाची शिकवण आपल्याकडे लळितापासून दशावतारापर्यंत सर्वांच्या मनात इतकी रुजलेली आहे की शंका घेण्याचे कारणच वाटत नाही. परंतु नेपाळातील नेवार व्यापाऱ्यांनी हीच कथा ल्हासाच्या वाटेवर नेऊन ठेवली आहे. त्यांच्या परंपरेत सिंहल सार्थवाह हा काठमांडूच्या ठमेल भागातील विहाराशी संबंधित असून तेथे त्याची यात्रा भरते. तो ब्रह्मपुत्रा ओलांडून जातो, आणि ज्यांच्या मोहात व्यापारी सापडतात त्या राक्षसी म्हणजे तिबेटातील स्त्रिया होत. ल्हासात वर्षानुवर्षे राहणारे आणि तेथे दुसरा संसार थाटणारे व्यापारी हे नेवार समाजातील एक वास्तव होते. काठमांडूत वाट पाहणाऱ्या घरच्या मंडळींना ही कथा किती अर्थपूर्ण वाटत असेल, हे सांगावयास नको. समुद्र नाही, बेट नाही, गलबतही नाही. तरी कथा तीच. म्हणजे यक्षिणी आधी आहेत, त्यांचा भूप्रदेश मागाहून ठरतो. व्यापारी जेथे जातात, जेथली भाषा त्यांना येत नाही आणि जेथून सर्वजण परत येत नाहीत, तेथे हे बेट असते.

पश्चिम भारतातील लेण्यांतही या भयाचे शिल्प सापडते. सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वराच्या नामस्मरणाने टळणाऱ्या संकटांमध्ये वाऱ्याने राक्षसींच्या द्वीपाकडे ओढल्या गेलेल्या गलबताचा उल्लेख आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात महासंकटांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे, आणि त्या संकटांत बुडते गलबतही आहे. कान्हेरीला दाने देणाऱ्यांत सोपारा, कल्याण आणि चौल येथील व्यापारी होते. त्यांच्या दृष्टीने ही मनोरंजक गोष्ट नव्हती.

फाहियानाचा वृत्तान्त या सर्वांहून संयत आहे, म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारा आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी तो सिंहलद्वीपात दोन वर्षे राहिला. त्याने ऐकले ते असे : या देशात मुळात मनुष्यवस्ती नव्हती, केवळ भुते आणि नाग राहत. निरनिराळ्या देशांचे व्यापारी त्यांच्याशी व्यापार करीत. व्यवहाराच्या वेळी ही भुते स्वतः दिसत नसत. आपल्या मौल्यवान वस्तू किंमत लिहून मांडून ठेवीत, आणि व्यापारी त्याप्रमाणे मोल ठेवून वस्तू घेऊन जात. नरमांस नाही, मोह नाही, लोखंडी नगर नाही. केवळ न दिसणारा विक्रेता आहे आणि तो प्रामाणिक आहे. ज्यांची भाषा एकमेकांस कळत नाही अशा दोन समाजांत मूक विनिमयाची पद्धत असल्याचे उल्लेख जगात अनेक ठिकाणी मिळतात. प्लिनीनेही ताम्रपर्णीहून आलेल्या दूतांच्या तोंडून सेरेस लोकांबद्दल असाच प्रकार नोंदविला आहे. माल ठेवून झाडीत सरकणारा मनुष्य दिसत नाही, एवढ्यावरून त्याला भूत म्हटले गेले असावे, हा तर्क मोहक आहे. तो सिद्ध करता येणार नाही. परंतु फाहियानाच्या वाक्यात ‘मनुष्य नव्हते’ आणि ‘व्यापार होता’ ही दोन विधाने शेजारी शेजारी निश्चिंतपणे उभी आहेत, हे मात्र कोणत्याही तर्काशिवाय दिसते.

महावंसात हा अदृश्यपणा पुन्हा येतो, आणि तेथे त्याचे स्वरूप भयंकर आहे. विजय कुवेणीला फासात पकडतो. ती त्याच्या माणसांना सोडते, त्यांना तांदूळ आणि इतर जिन्नस देते, आणि हे जिन्नस तिने खाल्लेल्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतले असतात. रात्री दुरून गाण्यावाजविण्याचा आवाज येतो. यक्षनगरात विवाह चालू आहे, सारे यक्ष जमले आहेत, आजच त्यांना मारावे, असे कुवेणी स्वतः सुचविते. दिसत नाहीत त्यांना मारावे कसे, या विजयाच्या प्रश्नावर ती सांगते की ते असतील तेथे मी आवाज करीन, त्या आवाजाच्या रोखाने शस्त्र चालवावे. आणि तसेच होते. लग्नघरात न दिसणाऱ्यांची कत्तल, ती दाखविणारी त्यांच्याच कुळातील स्त्री, आणि दुसऱ्या दिवशी यक्षराजाची वस्त्रे अंगावर चढविलेला विजय. राज्याभिषेकासाठी क्षत्रिय राणी हवी म्हणून पुढे मदुरेहून राजकन्या येते. कुवेणीला दोन मुलांसह घालवून देण्यात येते आणि आपल्याच लोकांच्या हातून तिचा अंत होतो. मुले मलय पर्वताकडे पळतात. पुलिंद लोक त्यांचे वंशज, असे महावंसकार सांगतो. त्याआधीच्या दीपवंसात विजय आहे, कुवेणी नाही.

याच महावंसाच्या पहिल्या परिच्छेदात याहून जुनी म्हणून सांगितलेली एक हकीकत आहे. महियंगण येथे यक्षांचा मेळा भरला असता बुद्ध तेथे प्रकट होतो, वादळ आणि अंधार यांनी त्यांना भयभीत करतो, गिरिदीप नावाचे दुसरे बेट जवळ आणतो, यक्ष त्यावर जातात, आणि ते बेट पुन्हा पूर्ववत् दूर नेऊन ठेवले जाते. पिशाचांचे बेट जगातील अनेक लोकांच्या कथांत आहे. पिशाचांसाठी स्वतंत्र बेटाची सोय केल्याची कथा विरळा. मूळच्या वस्तीला अन्यत्र हलविणे ही गोष्ट येथे चमत्काराच्या भाषेत सांगितली आहे, असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला, आणि यक्ष म्हणजे आजच्या वेद्दा लोकांचे पूर्वज असे समीकरणही मांडले गेले. तेवढे सरळ जाऊ नये. ज्या कथेतल्या यक्षिणी रत्नद्वीपातही आहेत आणि ल्हासातही आहेत, तिच्यातून एका विशिष्ट जमातीचा इतिहास काढणे धोक्याचे आहे. उलट बाजूने मात्र खात्रीने बोलता येते. कथा इतिहासातून आली नसली तरी इतिहास म्हणून लिहिली गेल्यावर तिने इतिहासाचे काम केले. रिकामी चौकट राजवंशाच्या आरंभी ठेवली गेली, की कोणातरी खऱ्या माणसांना तिच्यात उभे राहावे लागते. महावंसकाराने पुलिंदांना तेथे उभे केले.

आता शब्दाकडे. संस्कृत ‘यक्ष’ पालीत ‘यक्ख’ होतो, कारण पालीत आरंभीचा य टिकतो. महाराष्ट्रीत आणि अर्धमागधीत त्याचा ज होतो : यात्रेची जत्रा होते, यंत्राचे जाते होते, तसा यक्षाचा ‘जक्ख’. संयुक्त व्यंजन सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला म्हणजे मराठी ‘जाख’, आणि ‘जक्खिणी’पासून, पुढच्या दीर्घ अक्षरापूर्वी आधीचा स्वर ऱ्हस्वच राहून, ‘जखीण’. क्ष या संयुक्ताचे मराठीत दोन मार्ग आहेत. माशी, शेत, कूस या शब्दांत तो श किंवा स झाला; लाख, पाख, राखणे यांत ख झाला. यक्षाने दुसरा मार्ग धरला. जाखाई, जाखमाता या ग्रामदेवता आणि कऱ्हाडजवळचे जखिणवाडी हे ग्रामनाम या शब्दाच्या जुन्या, पूज्य अर्थाची साक्ष देतात. जखिणवाडीच्या डोंगरात बौद्ध लेणी असावीत, हा योगायोगही असेल. परंतु बोलीत जखीण म्हटले की देवता आठवत नाही; हडळ आठवते. जखीण ही मेलेल्या स्त्रीचे पिशाच होय. झाडावर राहणारी अमानुष जात हा अर्थ गेला आणि एके काळी मनुष्य असलेली, घरात नांदलेली, इच्छा राहून गेलेली बाई हा अर्थ आला. अजिंठ्याच्या भिंतीवरील यक्षिणीला माणूस होता आले नाही. मराठी बायाबापड्यांनी तिला माणसातून गेलेली ठरविले, म्हणजे निदान पूर्वी कधी तरी ती माणूस होती हे मान्य केले.

सिंहली भाषेत हाच शब्द ‘यका’ असा आहे, अनेकवचन ‘यक्कु’. रोग उत्पन्न करणाऱ्या यक्कुंना मुखवटे, नृत्य आणि विनोदी संवाद यांनी वश करण्याचे ‘तोविल’ विधी दक्षिण किनाऱ्यावर रात्रभर चालतात, आणि त्यांतील अठरा सन्नी मुखवट्यांचा संच आता वस्तुसंग्रहालयांतूनही पाहावयास मिळतो. कँडीच्या डोंगराळ प्रदेशातील ‘कोहोंबा कंकारिय’ हा विधी तर थेट कुवेणीच्या शापाशी जोडलेला आहे : टाकून दिलेल्या कुवेणीचा शाप विजयानंतरच्या पंडुवासुदेव राजाला बाधला, तो उतरविण्यासाठी हा विधी प्रथम झाला, असे परंपरा सांगते. कँडीच्या नृत्यपरंपरेचे मूळ याच विधीत शोधले जाते. महावंसाने दोन श्लोकांत निकालात काढलेली स्त्री नर्तकांनी शतकानुशतके विसरू दिली नाही. १९६३ साली हेन्री जयसेन यांनी ‘कुवेणी’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा फिर्यादी म्हणून ती नव्या प्रेक्षकांसमोर उभी राहिली. ही परंपरेशी फारकत होती असे काही टीकाकारांना वाटणे स्वाभाविक आहे. कंकारियातील ढोल मात्र हीच फिर्याद आधीपासून सांगत होते.

राहता राहिले वेद्दा. महियंगणापासून फार दूर नसलेल्या दंबान येथे त्यांची वस्ती आहे. जेथून यक्षांना हलविल्याचे महावंस सांगतो, त्याच परिसरात. त्यांच्या भाषेचा आज उपलब्ध असलेला बराच भाग सिंहलीशी निकटचा आहे. १९७२ साली सुगतपाल डी सिल्वा यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९७४ साली धर्मदास यांनी मूळच्या अनार्य भाषेचे सिंहलीच्या संपर्काने झालेले संकर-रूप म्हणून तिची मीमांसा केली. चार्ल्स आणि ब्रेंडा सेलिगमन या दांपत्याचा वेद्दांविषयीचा ग्रंथ १९११ साली निघाला. त्यात वेद्दांच्या उपासनेचा गाभा म्हणून जी नोंद आहे, ती भाषेच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. नुकत्याच वारलेल्या आप्तांच्या आत्म्यांना वेद्दा ‘नॅ यकु’ म्हणत. यातील ‘नॅ’ म्हणजे नातलग, संस्कृत ‘ज्ञाति’. यकु अर्थात् यक्षच. कोणी मेला की त्याच्या यकाला नृत्यात बोलवावयाचे, नारळाचे दूध आणि भात त्याच्यापुढे ठेवावयाचा. तो नर्तकाच्या अंगात येऊन घरच्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवी, अन्न पाहून संतोष व्यक्त करी, आणि शिकार मिळेल, मध मिळेल असे आश्वासन देई. या सर्वांहून मोठा कंदे यका. तोही एके काळचा निष्णात शिकारीच, मेल्यावर यका झालेला. सांबर कोणत्या बाजूला सापडेल ते त्याला विचारीत, आणि नाचताना त्याच्यासाठी हातात बाण धरीत.